झडीतला ड्रायर

ज्याला आपण ड्रायर म्हणतो तो कपडे वाळवत नाही. एवढं घरात सगळ्यांनी मान्य केलं तरी निम्मी भांडणं मिटतात. सेमी ऑटोमॅटिक मशीनच्या उजव्या अंगाचा तो अरुंद डबा. त्यात हीटर नाही, पंखा नाही, ऊन तर नाहीच नाही. तो कपडे मिनिटाला तेराशे-चौदाशे फेऱ्यांनी गरगर फिरवतो आणि पाणी भोकांतून बाहेर भिरकावतो. वाळवणं हे शेवटी वलणीचंच काम.

वैशाखात आमच्याकडे विदर्भात त्याला कोणी विचारत नाही. पारा पंचेचाळीसला टेकला की चादरीचं दुसरं टोक वलणीवर टाकेपर्यंत पहिलं टोक पापडासारखं कडक झालेलं असतं. म्हणून होळीपासून मृगापर्यंत डबा बंद. त्याच्यावर आधी कांद्याची टोपली येते, मग कूलरच्या जुन्या ताट्या, मग ज्याला घरात कुठेच जागा नाही ते सगळं. आणि लोखंडाची वस्तू तीन महिने बसून राहिली की ती एकच उद्योग करते, गंजते.

मग श्रावणात झड लागते. तीन दिवस, पाच दिवस सूर्य कोणी पाहिलेला नाही. घरात आडव्या-तिडव्या दोऱ्या, त्यावर ओल्या कपड्यांचा कुबट वास, शाळेचा ड्रेस एकच, आणि पोळा परवावर आलेला. अशा मुहूर्तावर झाकण लावून टायमर फिरवला की आतून आवाज येतो: हूंऽऽऽ. जावयाने ट्रॅक्टरचा हप्ता मागितल्यावर सासरा म्हणतो ना, तसाच. आवाज आहे, हालचाल नाही.

तालुक्याचा मेकॅनिक फोनवर "येतो ना भाऊ, उद्या" म्हणतो. तो खोटारडा नसतो, मधल्या नाल्याला पूर असतो. म्हणून पेचकस आपणच हातात घ्यायचा.

पहिल्यांदा प्लग काढायचा. बटण बंद करून भागत नाही, कारण गावातल्या किती घरांत बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलंय हे वायरमन आणि देव, दोघांनाच ठाऊक. टेस्टर लावून खात्री करा, आणि तरीही प्लग काढाच.

आता त्या "हूं"बद्दल. तो शुभ शकुन आहे. हूं म्हणजे लाईन मोटरपर्यंत पोचली, टायमर ठीक, झाकणाखालचा स्विच ठीक. अडलंय ते पुढे. आवाजच नसेल तर मात्र उलट दिशेने शोधत यावं लागतं: प्लग, वायर, टायमरचे पॉइंट, झाकणाचा स्विच. इथे टायमरच्या टिकटिकीवर भरवसा ठेवू नका. तो चावीच्या घड्याळासारखा स्प्रिंगवर चालतो. गावाची डीपी जळालेली असली तरी तो इमानदारीने पाच मिनिटं टिकटिक करणारच. आपल्याकडे काही माणसंही अशी असतात, पण तो विषय वेगळा.

मागचा पत्रा चार-सहा स्क्रूंवर असतो. तो उघडला की खाली कोपऱ्यात ड्रायरची मोटर तीन स्प्रिंगांवर उभी दिसते. तिच्या डोक्यावर एक जाड गोल चकती: तीच मोटरला टबाशी जोडणारी कपलिंग, तोच ब्रेकचा ड्रम. चकतीला एका बाजूने ब्रेकचा पट्टा चिकटलेला असतो, आणि त्या पट्ट्याच्या दांडीपासून एक बारीक वायर थेट वर झाकणापर्यंत गेलेली असते. अख्ख्या ड्रायरचं राजकारण या एका वायरीत आहे. झाकण लावलं की वायर ताणते, पट्टा चकतीपासून सुटतो. झाकण उघडलं की वायर ढिली पडते आणि स्प्रिंग पट्ट्याला चकतीवर दाबते. म्हणजे या गाडीचा ब्रेक मुळातच लागलेला असतो. झाकण लावून तो सोडवावा लागतो. वायर तुटली, गंजली किंवा नुसती अर्धा बोट लांबली, तरी ब्रेक अर्धवट लागलेलाच राहतो. खालून मोटर ओढते, वरून ब्रेक धरतो, आणि मधून तो हूं निघतो. मिनिटभर तसंच चालू दिलंत तर मागोमाग जळका वासही निघतो.

हे तपासायला दोन माणसं लागतात, आणि खरी परीक्षा मशीनची नसून संसाराची आहे. एकाने मागे उकिडवं बसून ब्रेककडे बघायचं, दुसऱ्याने पुढे झाकण लावायचं-उघडायचं.

"झाक."

"झाकलं."

"उघड."

"उघडलं."

"आता झाक म्हटलं ना!"

"आवो, झाकलेलंच तं हाय! तुमीच उघड म्हणून रायले नं."

झाकण लावल्यावर पट्टा चकतीपासून पूर्ण सुटला पाहिजे. बोटाने चकती फिरवून बघा, प्लग काढलेला आहे ना ते पुन्हा एकदा बघून. घासल्याचा आवाज आला तर वायर ताणायची. बऱ्याच मशीनमध्ये वायर अडकवण्याच्या पट्टीला ओळीने दोन-तीन भोकं असतात. हूक एक भोक पुढे सरकवला की काम झालं. पण जोशात फार ताणू नका. नाही तर झाकण उघडल्यावरही ब्रेक लागत नाही, आणि घाईतलं पोरगं फिरत्या टबात हात घालतं. झाकण उघडल्यापासून मनात आकडे मोजा. दहा-पंधराच्या आत टब थांबला पाहिजे. वायर तुटली असेल तर तिच्या जागी सुतळी किंवा सायकलची तार बांधण्याचा मोह प्रत्येकाला होतो. सुतळी ओली झाली की ढिली पडते आणि आपण पुन्हा हूंवर येतो. नवी वायर स्वस्तात मिळते. जुनी तुकड्यांसकट खिशात घालून न्या, कारण दुकानदार कंपनी विचारतो, मॉडेल विचारतो, आणि शेवटी म्हणतो, "सॅम्पल आनलं का?"

एवढ्यात शेजारचे काकाजी डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ घेऊन ओसरीत येतात. कोणाकडेही मशीन उघडलं की त्यांना कसं कळतं, देव जाणे.

"काय होऊन रायलं? कंडेन्सर गेलं असन."

काकाजींचं निदान प्रत्येक यंत्राला हेच असतं, पण ड्रायरच्या बाबतीत ते निम्म्या वेळा बरोबर निघतं. ब्रेक मोकळा आहे, चकती बोटाने सहज फिरते, तरी मोटर हूं म्हणते, तर पहिला संशय मोटरला सुरुवातीचा जोर देणाऱ्या कपॅसिटरवर, ज्याला सगळा तालुका कंडेन्सर म्हणतो. बहुतेक मशीनमध्ये एकाच डबीत दोन असतात: धुण्याच्या मोटरचा मोठा, ड्रायरचा लहान. लहान साधारण ५ किंवा ६ एमएफडीचा, म्हणजे मायक्रोफॅरडचा, ४४० व्होल्टचा. डबीवर छापलेलं असतं, तेच प्रमाण. हात लावण्याआधी होल्डरमधल्या साध्या पिवळ्या बल्बच्या दोन वायरी त्याच्या टोकांना टेकवून तो रिकामा करा. बहुधा तो रिकामाच असतो, पण "बहुधा"वर बोटं ठेवू नयेत. काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. कोणती वायर कुठे होती ते आपल्याला आठवत नसतं. नंतर आठवल्यासारखं वाटतं, आणि ते जास्त महागात पडतं.

काकाजींचा पुढचा सल्ला ठरलेला: "पंख्याचं लावून दे." छताच्या पंख्याचा असतो अडीचचा. एकट्याने तो ड्रायर उचलणार नाही. पण अडीचचे दोन समांतर जोडले की बेरीज पाच होते. हे गणित खरं आहे, आणि नाल्याचा पूर उतरेपर्यंत चालून जातं. मात्र "मोठं लावलं तं जोरात फिरन" हे सपशेल चूक. जास्त एमएफडी लावला की स्टार्टिंगच्या वाइंडिंगमधून जास्त करंट जातो, मोटर तापते, आणि पाचशेच्या आतलं काम रिवाइंडिंगवर जातं. पंखा अडला की काडीने ढकलून चालू करतात, तसं इथे करायचंच नाही. काडी पंख्यात तुटते. इथे काय तुटेल त्याची कल्पना करा.

व्होल्टेजचाही एक हिशेब असतो. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो. २३० च्या जागी १७० आले तर जोर पाऊणपट राहत नाही, जेमतेम निम्मा राहतो. रब्बीत थ्री फेज आली, हरभऱ्याच्या-गव्हाच्या मोटरी सुरू झाल्या, की ड्रायर बैलासारखा बसकण मारतो तो यामुळे. त्या वेळी मशीन उघडू नका, रात्री उशिरा लावून बघा. झडीत मोटरपंप बंद असल्यामुळे व्होल्टेज चांगलं मिळतं; फक्त लाईन नसते.

मोटर झुंईं करून फिरते पण टब जागेवरच, असं असेल तर कपलिंगचे बोल्ट ढिले. खालचे बोल्ट मोटरच्या शाफ्टचे, वरचे टबच्या शाफ्टचे, प्रत्येकावर लॉकनट. आधी नट ढिला, मग बोल्ट. घट्ट करताना आधी बोल्ट, मग नट. बोल्टचं टोक शाफ्टच्या सपाट बाजूवर किंवा खड्ड्यात बसलं पाहिजे. गोल भागावर नुसतं आवळलं तर दोन धुण्यांत पुन्हा ढिलं. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या त्या गावांत, ज्यांच्या बोअरच्या पाण्यात डाळही नीट शिजत नाही, तिथे हे बोल्ट बोल्ट राहतच नाहीत. शाफ्टशी त्यांचं लग्न लागलेलं असतं. थोडं डिझेल सोडा, रात्रभर राहू द्या, सकाळी हातोडीने हलके ठोके द्या, मग पाना. डिझेल रबरावर सांडू देऊ नका. पाना बरोबर नंबरचाच हवा, बहुधा दहाचा. पकडीने धरलं की बोल्टची डोकी गोल होतात, आणि मग माणसाचंही डोकं गोल होतं.

हा गंज येतो कुठून? टबाच्या शाफ्टभोवती, टाकीच्या तळाला एक रबरी बेलो असतो. तो फाटला की पाणी थेंबथेंब खाली, चकतीवर आणि तिथून मोटरवर. म्हणजे बिघाड मोटरचा दिसतो आणि गुन्हेगार रबर असतो. वरचे बोल्ट काढले की टब सरळ वर उचलून निघतो. बेलो हाताने ओढून काढा, नव्याला साबणाचं पाणी लावून त्याची कड टाकीच्या भोकात सगळीकडून नीट बसवा, शाफ्टला बोटभर ग्रीस द्या. ग्रीस नव्हतं म्हणून खोबरेल चोपडलं, तर आठ दिवसांत परत हाच अध्याय.

टब निघाला की तळाशी घराचा इतिहास सापडतो: हूक, सेफ्टी पिना, एकाच पायाचा मोजा, नारळासोबतचा एक रुपया, आणि तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याच्या पन्न्या. ज्याच्या खिशातून आल्या तो म्हणतो, "माह्या नाई." ही पन्नी फार वंगाळ चीज आहे. ती पाणी जायच्या भोकावर चपखल बसते, पाणी बाहेरच्या टाकीत साचतं, टब त्यातच घुसळत बसतो आणि बिचाऱ्या मोटरवर खापर फुटतं. ड्रेनचा पाईप चिखल नको म्हणून विटेवर उचलून ठेवला असेल तरी तेच होतं. पाईप खाली जमिनीवरच टाका.

तळाच्या स्प्रिंगांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. एक तुटली तरी तिन्ही बदला, नाही तर टब एका अंगाला कलून चालतो. पण धडधड आवाजात स्प्रिंगचा दोष क्वचितच असतो, भरणाऱ्याचा जास्त. त्या वेगाला टबाच्या कडेचा कपडा स्वतःच्या वजनाच्या दोनशेपटीहून जास्त जोराने बाहेर ओढतो. शंभर ग्रॅमची ओली बनियान एकाच बाजूला राहिली तर तिथे वीस किलोचं वजन गरगर फिरतंय असं समजा, म्हणजे मशीन न्हाणीतून ओसरीपर्यंत चालत का येतं ते कळेल. कपडे सगळीकडून सारखे दाबा आणि वर ती जाळीची चकती ठेवा. ती चकती दिवाळीत भजी निथळायला नेलेली असते, तिथून आणा.

पत्रा लावण्याआधी खालून कोंबडीजाळी बांधा. सोयाबीन निघालं की शेतातले उंदीर घरात मुक्कामाला येतात, आणि मोटरजवळच्या उबेत वायरी कुरतडत बसतात. जाळीच हवी, पत्रा किंवा पोतं नको. मोटरला वारा लागतो.

मग प्लग लावून रिकामा टब फिरवायचा, नंतर दोन टॉवेल, नंतर पूर्ण भरून. आवाज हूंवरून झुंईंवर चढला की समजावं, जमलं. काढलेल्या गंजक्या वायरीचं काय करायचं हा प्रश्नच नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं इडापिडा हाकलायला "घेऊन जा गे मारबत" ओरडत गावाबाहेर निघतात, त्यांच्या हाती द्यावी.

एक काम राहिलं. मार्करने पत्र्यावर तारीख, कपॅसिटरचा आकडा आणि ब्रेकची वायर कितव्या भोकात अडकवली ते लिहून ठेवा. पुढच्या झडीला शोधाशोध वाचते. मात्र पत्र्याच्या बाहेरून लिहा. आमच्या मशीनवर आतून लिहिलेलं आहे.