पॉझिटिव्ह गाणं म्हणजे नक्की काय हो?

सकाळपासून डोकं फिरलंय म्हणून लिहितेय, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत मुलामुलींचा गाण्याचा ग्रुप आहे. आठवी ते बारावीची पोरं, एक ढोलकी, एक हलगी. शेजारच्या सोसायटीनं त्यांना २६ जानेवारीला गायला बोलावलंय. आज कमिटीतल्या काकांचा फोन. "मॅडम, ते संडासाचं गाणं तेवढं नको हं, नंतर नाश्ता आहे. काहीतरी पॉझिटिव्ह घ्या, हम होंगे कामयाब वगैरे."

"बघते" म्हणून फोन ठेवला, नाहीतर काय बोलून बसले असते देव जाणे.

तर ते "संडासाचं गाणं". वस्तीतल्या सार्वजनिक संडासाला आतून कडी नाही. एकीनं आत जायचं, दुसरीनं बाहेर दार धरून उभं राहायचं. ग्रुपमधली सगळ्यात अबोल पोरगी, हजेरीलासुद्धा नुसता हात वर करणारी, तिनं एक दिवस वहीच्या मागच्या पानावर लिहून आणलं, "कडी नाही दाराला, मैत्रीण उभी पहाऱ्याला". बाकीच्या आधी खीखी हसल्या, मग गप्प झाल्या, मग कुणीतरी ढोलकी ओढली.

आणि काकांना हवंय हम होंगे कामयाब! अहो, ते आलंय कुठून? अमेरिकेत चार्ल्सटनला सिगारच्या कारखान्यात १९४५-४६ मध्ये संप झाला, बहुतेक काळ्या बायका, पगारवाढीसाठी गेटवर उभ्या राहून चर्चमधलं हे गाणं म्हणायच्या. पुढे ते नागरी हक्कांच्या चळवळीत गेलं. १९६२ मध्ये जॉर्जियातल्या ऑल्बनीत कॉलेजवयाच्या चौघांनी फ्रीडम सिंगर्स नावाचा गाण्याचा ग्रुप काढला, गाडीत बसून देशभर गात फिरले, चळवळीसाठी पैसे उभे केले. त्यातल्या बर्निस जॉन्सनला तर मोर्च्यात गेली म्हणून कॉलेजातून काढलं होतं. गिरिजाकुमार माथुरांनी ते हिंदीत आणलं आणि आपण शाळेत रांगेत उभं राहून गायलो. म्हणजे संपकरी बायकांचं गाणं पॉझिटिव्ह, कारण त्या लांबच्या. आमच्या पोरींचं नको, कारण तो संडास काकांच्या गॅलरीतून दिसतो!!

एवढं लांब तरी कशाला? अण्णाभाऊ साठ्यांचं १९४४ चं लाल बावटा कलापथक काय गोड गोड गात होतं? १ ऑगस्टला अण्णाभाऊंचा फोटो स्टेटसला ठेवणारी हीच मंडळी. सेवा दलाच्या कलापथकातून निळू फुले आले हेही कौतुकानं सांगतील. शाहीर गेल्यावरच गोड लागतात आपल्याला.

हो, मान्य, गाण्यानं कडी लागत नाही, अजूनही लागलेली नाही. आणि मोठी माणसं पोरांच्या तोंडी आपल्याच घोषणा कोंबतात, तेही बघितलंय. पण ही ओळ त्या पोरीची आहे, माझी नाही.

वस्तीत पहिल्यांदा गायलं तेव्हा तिची आई मागे उभी होती, तोंडाला पदर लावून. मला धडकी भरली, आता हिला घरी बोलणी बसणार. तर गाणं संपल्यावर दोन बायका पुढं आल्या, "दिवा पण नाय तिथं, ते पण घाला की." दुसरं कडवं असं आलं. ती पोरगी एकटी बोलली असती तर आगाऊ ठरली असती, सगळ्यांनी मिळून एका सुरात म्हटल्यावर कुणाकुणाला आगाऊ म्हणणार?

काका वाईट नाहीत हो. दरवर्षी आमच्या पोरांना वह्या तेच देतात, म्हणून तर जास्त लागलं.

दुपारी पोरांना सांगून टाकलं. मला वाटलं चिडतील. ती अबोल बाई एकदम सिरियसली म्हणते, "मग नाश्ता झाल्यावर गाऊ की."

आता हे काकांना संध्याकाळी कसं सांगायचं ते बघते. आणि हो, हलगीचं कातडं फाटलंय, कुणाच्या ओळखीत चांगला कारागीर असेल तर इनबॉक्स करा, २६ च्या आत हवंय.