थियारोयची थकबाकी

पोवई नाक्यावर चहा सांगून झाला आणि सचिनने थियारोयचा विषय काढला: 1944 मध्ये फ्रेंच फौजेने आपल्याच आफ्रिकी सैनिकांना गोळ्या घातल्या, ती जागा. सुभेदार काका लगेच म्हणाले, "जनरलची गाडी अडवली ना त्यांनी? मग ते बंडच. कुठल्याही फौजेत."

"अडवली. पण का, ते तर ऐका."

हे सैनिक फ्रान्सच्या आफ्रिकी वसाहतींतले. पलटणीचं नाव सेनेगाली, पण माली, गिनी, बुर्किना फासो, सगळीकडची पोरं त्यात होती. 1940 मध्ये जर्मनांनी त्यांना पकडलं आणि सुटका झाली ती 1944 मध्ये. कैदेतल्या वर्षांचा पगार बाकी होता. ठरलं असं की पाव हिस्सा फ्रान्समध्ये आणि उरलेला सेनेगालमधल्या डाकार बंदरात उतरल्यावर द्यायचा. डाकारजवळच्या थियारोय छावणीत पोचले, तरी पैशाचं नाव नाही. शेवटी गाडी अडवली. 1 डिसेंबर 1944 ला सकाळी रणगाडा आणून त्यांच्यावर गोळ्या चालवल्या. सरकारी कागदावर मेलेले 35. बरेच इतिहासकार हा आकडा मानत नाहीत. वाचलेल्यांपैकी 34 जणांना वर शिक्षा!

"युद्धात हिशेबाचा गोंधळ होतोच की," मंग्या म्हणाला. (मंग्याचं स्वतःचं दुकान आहे. उधारीची वही तो कशी लिहितो, आम्हाला माहीत आहे.)

"गोंधळ? त्याच वर्षी फ्रान्सचं तूलाँ बंदर जर्मनांकडून जिंकून देणाऱ्या आफ्रिकी पलटणींचे गणवेश काढून गोऱ्या स्वयंसेवकांच्या अंगावर चढवले. हजारोंना आघाडीवरून मागे पाठवलं. सबब काय, तर थंडी सोसत नाही. हा पण गोंधळच?"

काका हलेनात. बंड ते बंडच. मग सचिनने पेन्शनचं सांगितलं. 1959 च्या कायद्याने वसाहतींतल्या माजी सैनिकांचं पेन्शन आहे तिथेच गोठवलं. शेजारच्या खंदकातल्या फ्रेंचाचं वाढत गेलं. बरोबरीने द्यायला सुरुवात व्हायलाच 2007 उजाडलं.

"गोठवलं?" काकांनी कप खाली ठेवला. "समान हुद्दा, समान पेन्शनसाठी आमची माणसं जंतरमंतरवर बसली होती. पण गोठवलं नव्हतं रे कुणी."

"2024 मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष मॅक्राँनी पत्र लिहून कत्तल झाल्याचं मान्य केलं," मी म्हटलं.

"ऐंशी वर्षांनी पत्र," सचिन म्हणाला.

"आता पैसे देणार तरी कुणाला? सगळे गेले," मंग्याने खांदे उडवले.

"वारस नावाची चीज असते," काका त्याच्यावरच डाफरले. "आमच्यात माणूस गेला की पहिला अर्ज त्याचाच भरतात. बंड केलं असेल, मी नाही म्हणत नाही. पण केलेल्या नोकरीचा पगार बंडाने बुडत नसतो."