कुणी मारला रे?

फुटबॉलवर मी चार तास न थांबता बोलू शकतो. विषय कुठलाही चालतो. 1950 च्या वर्ल्ड कपला आपला संघ का गेला नाही, हा तर माझा हातखंडा. 'बूट नव्हते म्हणून गेला नाही' असं कुणी म्हटलं की मी खुर्ची पुढं ओढतो. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये आपण चौथे आलो होतो आणि नेव्हिल डिसूझानं ऑस्ट्रेलियाला तीन गोल मारले होते, हे समोरच्यानं कबूल केल्याशिवाय मी त्याला चहा पिऊ देत नाही.

एवढं सगळं असूनही एक अडचण आहे. जन्मभर फुटबॉल बघितला, पण महत्त्वाचा म्हणावा असा गोल मला धड दिसलेला नाही. गोल होतो तेव्हा मी तिथं असतो, फक्त बघत नसतो.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडं संघ निवडायची सोय नाही. ज्या पेठेत जन्म, तिथली तालीम, आणि त्या तालमीचा संघ. बारशाआधीच हे ठरलेलं असतं. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार, बालगोपाल ही नावं ऐकून बाहेरच्या पाहुण्यांना वाटतं, कुस्त्यांचा फड आहे. तालमी कुस्तीच्याच. पण त्याच नावानं शाहू स्टेडियमवर अकरा पोरं बूट घालून उतरतात आणि पेठेतली दुकानं अर्ध्या शटरवर येतात. माझा संघ कोणता ते सांगत नाही. सांगितला तर अर्धे वाचक इथंच उठून जातील आणि उरलेले अर्धे वर्गणी मागतील.

शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर एप्रिलच्या उन्हात चार वाजता बसणं, ही आमच्याकडची उपासना आहे. पायरी तापलेली असते, म्हणून खाली पेपर टाकायचा. पेपर पातळ, म्हणून त्यावर टॉवेल. हातात भडंगाचा पुडा. एका बाजूला एक जाणकार असतोच. तो गोलकीपरपासून रेफ्रीपर्यंत सगळ्यांना नावानिशी सूचना देतो आणि ऑफसाइडचा निर्णय लाइन्समनच्या आधी जाहीर करतो. दुसऱ्या बाजूला त्याचं न पटणारा. मी मध्ये. नव्वद मिनिटं माझ्या नाकासमोरून दोघांचे हात जातात. आणि पुढच्या पायरीवर, दर वेळी, ताडमाड उंचीचा गडी. माझी उंची बेताची. कॉर्नर मिळाला की अख्खं स्टेडियम उभं राहतं आणि मला फक्त त्या गड्याच्या शर्टावरचा घाम दिसतो. मग एकदम स्फोट व्हावा तसा आवाज. मी टाचा उंचावून विचारतो, "कुणी मारला रे?" उत्तर कुणी देत नाही. पण इतक्या वर्षांत एक गोष्ट समजली आहे. अंगावर मिठी आली तर गोल आपला, कानावर शिवी आली तर त्यांचा. स्कोअर मी असाच मोजत आलोय. फारसा चुकत नाही.

घरी टीव्हीवर तरी दिसेल, असं वाटत असेल तर तेही ऐका.

1986. मेक्सिकोतला वर्ल्ड कप. मी शाळेत. ब्राझील आदल्याच रात्री फ्रान्सकडून पेनल्टीवर गेलं होतं. झिकोनं भर सामन्यात पेनल्टी वाया घालवली होती, म्हणून मी सुतकात. तरी अर्जेंटिना-इंग्लंड बघायला शेजारच्या काकांकडं गेलोच. रात्री साडेअकराचा सामना, ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही, खोलीत चाळीस माणसं आणि बाहेर जूनचा पाऊस. सामना रंगात आला आणि पडद्यावर मुंग्या आल्या. अशा वेळी कौलांवर कुणाला चढवायचं याबद्दल कुठल्याही गल्लीत मतभेद नसतो. सगळ्यांत हलकं पोरगं चढतं.

मी चढलो. ओल्या कौलांवर मांडी घालून अँटेना फिरवायला लागलो. खाली खिडकीत एक पोरगा निरोप्या.

"आलं का?"

"मुंग्या!"

"आता?"

"गेलं! आलं! आलं आलं! हात सोडू नको!"

मी हात धरला की चित्र स्वच्छ आणि सोडला की मुंग्या, असा शोध लागल्यावर मला खाली येऊ देण्याचा प्रश्नच मिटला. थोड्या वेळानं खालून आरडाओरडा झाला. "कुणी मारला रे?" मी वरून विचारलं. "मॅराडोनानं! हातानं!" मला वाटलं, माझी खेचतायत. चार मिनिटांनी खोलीत आधी कुजबुज, मग गलका, मग ओरडणं, मग काकांच्या म्हाताऱ्या आईचं "अगं बाई!" असं सगळं चढत्या क्रमानं आलं. मॅराडोना आपल्या अर्ध्या मैदानातून निघाला होता आणि अर्धं इंग्लंड मागं टाकून त्यानं गोल केला होता. शतकातला सर्वोत्तम म्हणून पुढं ज्याला निवडलं, तो गोल त्या खोलीतल्या चाळीस जणांनी माझ्या उजव्या हाताच्या कृपेनं बघितला. मॅराडोनाच्या हाताची चर्चा अजून होते. माझ्या हाताबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

2002 ला तर ब्राझील फायनलला होतं. 30 जून, रविवार, सामना आपल्याकडं दुपारी साडेचारला. घरच्यांनी नेमका त्याच दिवशी मुलगी बघायचा कार्यक्रम ठेवला, तोही समोरच्या पेठेत. मी आईला म्हटलं, "पुढच्या रविवारी जाऊ." आई म्हणाली, "पुढच्या रविवारी पोरगी थांबंल, पण तुझे केस थांबणार नाहीत."

गेलो. मुलीच्या घरी टीव्ही चालू होता, पण पाहुण्यांचा सोफा बरोबर टीव्हीकडं पाठ करून मांडलेला. समोर मुलीचे वडील. ते माझ्याशी बोलत होते, पण बघत होते माझ्या खांद्यावरून. "पगार किती?" "घर स्वतःचं का?" "हाण की त्याला!" तिसरा प्रश्न मला नव्हता. सहाच्या सुमाराला त्यांच्या चष्म्याच्या काचेत काहीतरी हिरवं हललं आणि ते ताडकन उठले. रिवाल्डोचा फटका जर्मनीच्या ऑलिव्हर कानच्या हातून निसटला होता आणि रोनाल्डोनं तो आत ढकलला होता. हे मला नंतर कळलं. तेव्हा दिसला तो फक्त उभा राहिलेला सासरा.

तेवढ्यात ती पोहे घेऊन आली. माझ्याकडं एकदा बघितलं आणि वडिलांना म्हणाली, "बाबा, त्यांना इकडच्या खुर्चीवर बसू द्या की. मान अवघडली त्यांची." तिथंच माझा होकार ठरला. पत्रिकाबित्रिका हा पुढचा उपचार. मी खुर्ची बदलली, टीव्ही समोर आला, रोनाल्डो दुसऱ्यांदा फटका मारायला सरसावला आणि तिच्या आत्यानं पोह्यांची परात माझ्या तोंडासमोर धरली. "घ्या की अजून, लाजू नका."

आता कुणी म्हणेल, सगळे गोल कसे चुकतील? बरोबर आहे. एका सामन्यात मला गोल अगदी स्वच्छ दिसले. 2014, ब्राझील विरुद्ध जर्मनी, सेमीफायनल, आपल्याकडं रात्री दीडला. जुलैचा कोल्हापुरी पाऊस असून लाइट गेली नाही. केबल गेली नाही. समोर कुणी उभं राहिलं नाही, आत्या आली नाही. रंगीत, मोठ्या पडद्यावर, पाय लांब करून मी म्युलरचा बघितला, क्लोजचा बघितला, आणि मग क्रूस, परत क्रूस, खेदीरा. सहा मिनिटांत चार. एकातही मला डोळे मिटायची संधी मिळाली नाही. दुसऱ्या हाफमध्ये शुर्लनं आणखी दोन घातले. तोपर्यंत बायको उठून आली.

"किती झाले?"

"सात."

"मग झोपा की आता. आठवा बघून काय करणार?"

पटलं. टीव्ही बंद केला. आठवा गोल शेवटच्या मिनिटाला ऑस्करनं मारला. तो आमचा होता.

आता तंत्रज्ञान आलंय म्हणतात. आलंय, पण माझ्या विरोधात. व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून रेफ्रीनं निर्णय तपासायचा, असं जे प्रकरण आहे, त्यात गोल झाल्यावर तीन मिनिटं थांबायचं, मग ओरडायचं. असा उधारीवरचा आनंद मला झेपत नाही. मुठीत गुलाल घेऊन माणूस किती वेळ उभा राहणार? घाम येऊन त्याचा लगदा होतो. आणि मोबाईलवर दिसणारा सामना तर शिळा असतो. 2022 ची अर्जेंटिना-फ्रान्स फायनल मुलानं मोबाईलवर लावली. शेजारी डिश होती. आमच्याकडं बॉल मध्यावर असताना गल्लीतून आरोळी यायची. ब्राझील क्रोएशियाकडून आधीच बाहेर गेलं होतं आणि अर्जेंटिनाचं काहीही बघायचं नाही अशी मी शपथ घेतली होती, म्हणून मी नुसता मुलाशेजारी बसलो होतो. फ्रान्सच्या एम्बापेनं दीड-दोन मिनिटांत दोन गोल मारले, ते मला शेजारच्या वहिनींच्या किंकाळीवरून आधी कळले. अगदी शेवटी, तीन-तीन असताना, गल्लीतून एकदम "आई गं!" आलं आणि सगळं गप्प. अर्थ काय लावायचा? मुलगा म्हणाला, "बाबा, आता काहीतरी होणाराय." अर्धं मिनिट आम्ही जिन्यावर पाहुण्यांची चाहूल लागल्यासारखे बसून राहिलो. मग अर्जेंटिनाचा गोलकीपर मार्टिनेझनं पाय घालून फ्रान्सचा फटका अडवला. त्या वेळी शेजारी लोक पाणी पिऊन परत बसलेसुद्धा होते.

माझी ही ख्याती आता तालमीपर्यंत पोहोचली आहे. पोरांनी हिशेब मांडला, की काका बघत नसले की गोल होतो. तेव्हापासून आमचा संघ मागं पडला की पायरीवरून हाक येते, "काका, जरा चहा सांगून येता का?" मी उठतो. नाही म्हणायची सोय नाही, पेठेच्या इज्जतीचा प्रश्न असतो. मागच्या हंगामात सेमीफायनलला आम्ही एकानं मागं होतो. मला चहाला पाठवलं, बरोबरी झाली. शेवटची पाच मिनिटं उरली तेव्हा परत पाठवलं, जिंकलो. दोन्ही वेळच्या चहाचे पैसे अजून कुणी दिलेले नाहीत.