‘थांबा, नवीन चिप येतेय’: कॉलेजच्या लॅपटॉपबद्दल फिरणाऱ्या सल्ल्याची उलटतपासणी

कॉलेजचा प्रवेश पक्का झाला की घरात लॅपटॉपचा विषय निघतो, आणि पाठोपाठ कुठल्या तरी ग्रुपवर तो मेसेज येऊन पडतो. दर वर्षी थोडेफार शब्द बदलतात, मजकूर तोच. लॅपटॉप आत्ता घेऊ नका. नवीन पिढीची चिप येतेय. ती आली की आत्ताची मशीनं निम्म्या किमतीत मिळतील. एआय लॅपटॉप नसेल तर दोन वर्षांत तो भंगारात जाईल. पहिल्या वर्षी लॅपटॉप लागतच नाही, मोबाइलवर भागतं. काय घ्यायचं ते कॉलेज सांगेपर्यंत थांबा. तोवर घरातला जुना वापरा.

यातली एक सूचना सोळा आणे खरी आहे, आणखी एक निम्मी खरी. बाकीचा मजकूर पालकांना आणि मुलांना उगाच लटकत ठेवणारा आहे. क्रमानेच पाहू.

नवीन चिप येतेय, हे खरं. पण ती कधी येत नव्हती? ॲपलची एम१ नोव्हेंबर २०२० मध्ये आली, एम२ जून २०२२ मध्ये, एम३ ऑक्टोबर २०२३ मध्ये, एम४ मे २०२४ मध्ये आणि एम५ ऑक्टोबर २०२५ मध्ये. इंटेलने कोअर अल्ट्राची पहिली पिढी डिसेंबर २०२३ मध्ये आणली, दुसरी सप्टेंबर २०२४ मध्ये. वर्षाच्या कोणत्याही महिन्यात विचारा, पुढची चिप चार-आठ महिन्यांवर उभी असतेच. ‘नवीन येईपर्यंत थांबा’ हा नियम पाळला तर खरेदीचा दिवस कधीच उजाडणार नाही.

शिवाय नवी चिप आधी वरच्या किमतीच्या मॉडेलांत बसते. विद्यार्थ्याच्या बजेटमधल्या मशीनपर्यंत ती झिरपायला वेळ लागतो, आणि त्या वर्गात ‘नवीन’ म्हणून जे विकलं जातं ते आतून नवीन असेलच असं नाही. एएमडी या चिप कंपनीचा रायझन ५ ७५२०यू घ्या. ही चिप २०२२ मध्ये आली, नाव ७००० मालिकेतलं, म्हणजे दिसायला अगदी ताजी. पण आतला गाभा झेन २ रचनेचा (झेन म्हणजे एएमडीच्या चिपचा मूळ आराखडा), आणि ती रचना २०१९ ची. या मालिकेत ओळखायची खूण नावातच होती. चार आकड्यांपैकी तिसरा आकडा रचनेची पिढी सांगतो: ७५२० मध्ये २ म्हणजे झेन २, ७७३० मध्ये ३ म्हणजे झेन ३, ७८४० मध्ये ४ म्हणजे झेन ४. पहिला आकडा मात्र सगळ्यांचा सारखाच, ७. आता जो ग्राहक ‘७००० मालिका येऊ दे’ म्हणून थांबला आणि खूश होऊन ७५२०यू घेऊन गेला, त्याने थांबून कमावलं काय?

विद्यार्थ्याच्या रोजच्या कामात अडतं ते बहुतेक वेळा चिपपाशी नाहीच. ब्राउझरचे पंचवीस टॅब, दोन जाडजूड पीडीएफ, एक व्हिडिओ कॉल आणि मागे उघडा राहिलेला कोड एडिटर, एवढ्यात ८ जीबी रॅम, म्हणजे चालू कामांसाठीची मेमरी, गुदमरते. स्क्रीन इतकी मंद असते की खिडकीपाशी बसलं तर अक्षर दिसत नाही. या दोन्ही गोष्टी आजच्या दुकानात तपासता येतात, त्यासाठी पुढच्या पिढीची गरज नाही.

थांबून कधीच फायदा होत नाही असंही नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये ॲपलने मॅकबुक एअरच्या सुरुवातीच्या मॉडेलची मेमरी त्याच किमतीत ८ वरून १६ जीबी केली. आधीच्या महिन्यात ८ जीबीवालं घेतलेल्यांना ते झोंबलंच असणार. पण गंमत बघा, हा फायदा नवीन चिपमुळे झाला नव्हता. चिप त्याच होत्या. तुम्ही निवडलेल्या मॉडेलची नवी आवृत्ती जाहीर झालेली असेल, विक्रीची तारीख ठरलेली असेल आणि ती वर्ग सुरू होण्याआधीची असेल, तर जरूर थांबा. ‘येतेय म्हणे’ एवढ्यावर नको.

आता किमतीचा मुद्दा. ‘इलेक्ट्रॉनिक वस्तू म्हणजे दिवसेंदिवस स्वस्तच होणार’ हे आपण इतकं ऐकलंय की तपासायचं सुचत नाही. २०११ मध्ये थायलंडमध्ये महापूर आला, हार्ड डिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले आणि काही आठवड्यांत डिस्कच्या किमती जगभर भडकल्या. २०२० आणि २०२१ मध्ये शाळा-ऑफिसं घरात आली तेव्हा पैसे मोजूनही हवं ते मॉडेल मिळेना. ताजं उदाहरण मेमरीचं. जगातली बहुतांश रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवतात. एआयच्या डेटा सेंटरसाठी लागणाऱ्या मेमरीकडे त्यांनी आपली क्षमता वळवली आणि २०२५ च्या उत्तरार्धात साध्या रॅमचे भाव झपाट्याने चढले. डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉनने सामान्य ग्राहकांना रॅम आणि एसएसडी (फाइली साठवणारी, फिरता भाग नसलेली डिस्क) विकणारा आपला ‘क्रुशल’ हा व्यवसायच बंद करत असल्याचं जाहीर केलं. ‘थांबा, स्वस्त होईल’ म्हणून त्या वर्षी जे थांबले, त्यांनी थांबायचे पैसे भरले.

जुन्या मॉडेलवर सवलत मिळते, हे नाकारायचं कारण नाही. पण ‘निम्म्या किमतीत’ ही निव्वळ लोणकढी थाप. साठा संपवायला काढलेल्या मशीनांत चांगली व्हेरियंट आधी उचलली जातात आणि उरतात ती ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडीवाली. त्यात रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असेल तर पुढे वाढवायची सोयही नाही. ‘मेमरी ऑनबोर्ड’ असं लिहिलेलं दिसलं आणि रिकाम्या स्लॉटचा उल्लेख कुठेच नसला, तर जी घ्याल तीच कायमची.

एआय लॅपटॉपबद्दल मेसेजमध्ये सगळ्यात मोठा आवाज आहे आणि सगळ्यात कमी माहिती. मायक्रोसॉफ्टने मे २०२४ मध्ये ‘कोपायलट प्लस पीसी’ हा वर्ग जाहीर केला. त्याच्या अटी साध्या आहेत: किमान १६ जीबी रॅम, किमान २५६ जीबी स्टोरेज आणि ४० टॉप्सचा एनपीयू, म्हणजे सेकंदाला ४० लाख कोटी क्रिया करणारा वेगळा भाग. हा भाग कामाला येतो तो व्हिडिओ कॉलची पार्श्वभूमी पुसट करायला, बोलण्याची अक्षरं स्क्रीनवर उमटवायला, फोटोवर काही प्रयोग करायला, आणि तेही बॅटरी फार न खाता. मुलं ज्याला एआय म्हणून रोज वापरतात ते चॅटबॉट मात्र दूरच्या सर्व्हरवर चालतात. त्यांना ब्राउझर आणि इंटरनेट पुरतं. मशीन लर्निंग शिकायचं असेल तर तिथे विचारतात एनव्हिडियाच्या जीपीयूला, म्हणजे ग्राफिक्सच्या चिपला, आणि त्याच्या मेमरीला. एनपीयूचं तिथे फारसं काम पडत नाही. माझ्या मते त्या तीन अटींत विद्यार्थ्याच्या खऱ्या उपयोगाची एकच आहे: १६ जीबी. ती स्टिकर नसलेल्या मशीनमध्येही मिळते.

‘पहिलं वर्ष मोबाइलवर निघतं’ यावर फार शाई घालवत नाही. वाचायला मोबाइल पुरतो. तळटिपांसह बारा पानांचा रिपोर्ट लिहायला, दोन एक्सेल शीट शेजारी ठेवून चूक शोधायला किंवा प्रोग्रॅम चालवून बघायला पुरत नाही. कॉलेजची लॅब असते, पण ती बंद व्हायची वेळही असते. मुलं साधनं हाताळायला शिकतात ती पहिल्याच सेमिस्टरमध्ये. सबमिशनं अंगावर आल्यावर लॅपटॉप घेणं म्हणजे वरातीमागून घोडं.

सोळा आणे खरी म्हटली ती सूचना आता आली: कॉलेजला काय लागतं ते कळेपर्यंत थांबा. इथे चूक झाली तर पैसे खरोखर पाण्यात जातात. सॉलिडवर्क्स आणि रेव्हिट ही डिझाइनची सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतात. मेकॅनिकल किंवा आर्किटेक्चरच्या मुलाने हौसेने मॅकबुक घेतलं की पहिल्याच महिन्यात डोक्याला हात. उलट आयफोनची ॲप बनवायला लागणारं एक्सकोड फक्त मॅकवर. कुडा, म्हणजे एनव्हिडियाच्या जीपीयूवर प्रोग्रॅम चालवायची प्रणाली, वापरून शिकवणारा कोर्स असेल तर एनव्हिडियाच हवं. स्नॅपड्रॅगनवाले विंडोज लॅपटॉप बॅटरीला झकास, पण प्रयोगशाळेतल्या एखाद्या उपकरणाचा ड्रायव्हर (उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर) एआरएमसाठी, म्हणजे स्नॅपड्रॅगनच्या रचनेसाठी, बनवलेलाच नसेल तर ते उपकरण जोडून उपयोग नाही. इंटेल-एएमडीसाठीचे साधे प्रोग्रॅम एम्युलेशनवर, म्हणजे मधल्या दुभाष्यामार्फत, निभावतात, ड्रायव्हर निभावत नाहीत. वाणिज्य किंवा भाषा शिकणाऱ्याला यातलं काहीच आडवं येत नाही, त्याने कीबोर्ड आणि वजन बघावं.

मग मेसेजशी भांडण कुठे? त्याने या थांबण्याला तारीखच दिलेली नाही. विभागाची यादी बहुधा वर्ग सुरू होण्याआधी मिळते. नसेल तर विभागाला एक ईमेल करा आणि त्याच शाखेच्या दुसऱ्या वर्षातल्या कुणाला तरी दोन प्रश्न विचारा: कोणतं सॉफ्टवेअर वापरता, आणि ते लॅबमध्ये की स्वतःच्या मशीनवर? दुसरा प्रश्न विसरू नका. विभागाच्या याद्या अनेकदा जुन्या असतात, ‘किमान’ या रकान्यात अजून ४ जीबी रॅम लिहिलेली सापडते आणि ‘आवश्यक’ म्हणून दिलेलं निम्मं सॉफ्टवेअर लॅबबाहेर कुणी उघडतही नाही. हे सगळं चार-सहा दिवसांचं काम आहे.

एवढं झालं की घ्या. पण प्रवेशाच्या उत्साहात चार महिने आधी आणून कपाटात ठेवू नका. वॉरंटी बहुधा बिलाच्या तारखेपासून मोजली जाते, बदलून देण्याची मुदत कपाटातच संपते, आणि लिथियम-आयन बॅटरी न वापरताही म्हातारी होत असते. वर्ग सुरू व्हायच्या दोन-तीन आठवडे आधी घेतलं तर बिघाड असल्यास तेवढ्यात लक्षात येतो.

शेवटचा मुद्दा, घरातला जुना लॅपटॉप. मेसेजमधलं निम्मं खरं ते हे. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा आधी बघा मशीन विंडोज ११ घेतं का. त्यासाठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर. मग विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढा. त्यात ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ असे दोन आकडे असतात. दुसरा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर नवी बॅटरी लागणार. आत फिरती हार्ड डिस्क असेल तर ती काढून एसएसडी बसवा. तेवढ्यानेच मशीन ओळखू येणार नाही. या परीक्षेत ते पास झालं आणि शाखेचं सॉफ्टवेअर त्यावर चालत असलं, तर वर्षभर खुशाल वापरा. फक्त फाइलींची एक प्रत बाहेर ठेवा, कारण जुनी डिस्क मान टाकते ती नेमकी सबमिशनच्या आदल्या रात्री.