‘लॉग पाठवा’ म्हणणाऱ्यांनो, आता बास

आजही स्टोरेज कंपनीच्या सपोर्टचा फोन ठेवला तो डोकं तापवूनच. परत तेच, "सर, लॉग पाठवा." लॉग म्हणजे मशिननं स्वतःच ठेवलेल्या कामाच्या नोंदी. अरे किती वेळा पाठवायचे? ते बंडल काही जीबीचं असतं. रात्रभर अपलोड करा, आणि सकाळी नव्या शिफ्टचा नवा माणूस विचारणार, "सर, प्रॉब्लेम नेमका काय आहे?" टिकेट उघडून वर लिहिलेलं वाचायचे कष्टसुद्धा कुणी घेत नाही.

आमचा कारखाना गोकुळ शिरगाव एमआयडीसीत. तीन सर्व्हरचं क्लस्टर, म्हणजे एकमेकांना सांभाळून घेणारा गट, मागं सगळ्यांना मिळून एकच स्टोरेज (डेटा ठेवायचं डिस्कचं कपाट), ते चालवणारे त्यात दोन कंट्रोलर, ए आणि बी, मध्ये दोन फायबर स्विच. ईआरपी (कारखान्याच्या सगळ्या हिशेबाचं सॉफ्टवेअर), डिस्पॅच, क्वालिटीचे रिपोर्ट, सगळं त्याच्यावर. विकताना छातीठोकपणे सांगितलं होतं, एक बाजू गेली तरी दुसरीवर काम चालतं. चालतं की! पण त्यासाठी बाजू आधी जायला पाहिजे. आमची जातच नाही. अर्धमेली होऊन पडून राहते आणि सगळ्यांना छळते.

सर्व्हरपासून स्टोरेजपर्यंत जायच्या वाटा म्हणजे पाथ, आणि त्या सांभाळणारं लिनक्सचं सॉफ्टवेअर म्हणजे मल्टीपाथ. हे मल्टीपाथ प्रत्येक पाथवर थोड्या थोड्या वेळानं एक बारकी कमांड टाकून बघतं, पाथ जिवंत आहे का. त्या बारक्या कमांडला उत्तर येतं, म्हणून पाथ ‘ॲक्टिव्ह’. मग खरा डेटा त्याच पाथनं जातो आणि फ्रेम, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, खराब होतात. एक फ्रेम गळाली की ती अख्खी कमांड लटकते, आणि लिनक्स डिफॉल्टनं ३० सेकंद वाट बघतं, मग पुन्हा प्रयत्न. तोवर इकडं डिस्पॅचचा स्क्रीन गोठलेला. कास्टिंग भरलेली गाडी गेटवर उभी, चलन निघत नाही, ई-वे बिल नाही, ड्रायव्हर खिडकीवर हात आपटतोय, आणि डिस्पॅचचे काका मला फोनवर फोन करतायत. मी काय सांगू त्यांना? स्टोरेजच्या पॅनेलवर तर सगळं हिरवं दिसतंय!

हिरवा दिवा एवढंच सांगतो की लिंक लागलेली आहे. तिच्यावरून डेटा धड जातोय का, हे त्याला कळत नाही. हे सपोर्टला बसलेल्या माणसाला मी समजावून सांगायचं?

त्यात एका रात्री एक नोड, म्हणजे क्लस्टरमधला एक सर्व्हर, आपोआप रीस्टार्ट झाला. नोडनं आपण जिवंत आहोत याची हजेरी जिच्यावर लावायची ती क्वोरम डिस्कही त्याच स्टोरेजवर. तिच्यावर नोडला ठरलेल्या वेळेत लिहिता आलं नाही, म्हणून क्लस्टरनं त्याला बाहेर काढून रीबूट केला. ते बरोबरच केलं. अडकलेला नोड मध्येच जागा होऊन दुसऱ्या नोडच्या डेटावर लिहायला लागला तर फाइल सिस्टीमची माती होते. पण स्टोरेजवाल्यांना तेवढंच निमित्त मिळालं. "सर्व्हर रीबूट झालाय ना, मग सर्व्हरवाल्यांना विचारा." सर्व्हरवाले म्हणाले मेमरी टेस्ट करा. केली, स्वच्छ. मग म्हणाले ओएसचा ड्रायव्हर बघा. स्विचवाले म्हणाले आमचा पोर्ट अप आहे. आणि शेवटी सगळ्यांचं एकमत एकाच गोष्टीवर: फर्मवेअर (मशिनच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा. म्हणजे प्रॉडक्शन बंद ठेवून अपडेट करा, आणि फरक पडला नाही की पुन्हा लॉग पाठवा!

म्हणून मीच बसलो. स्विचवरचे एरर काउंटर आधी शून्य केले. जुने आकडे साठलेले असतात, ते बघून काहीच कळत नाही. मग नुसतं बघत राहिलो. कंट्रोलर बी जोडलेल्या एकाच पोर्टवर सीआरसी एरर, म्हणजे तपासणीत बिघडलेल्या निघालेल्या फ्रेम, चढत होत्या. फ्रेमचा शेवट शाबूत असलेल्या एरर आणि शेवट आधीच खराब म्हणून खूण झालेल्या एरर स्विच वेगवेगळ्या मोजतो. पहिल्या वाढत असतील तर दोष त्याच लिंकवर. दुसऱ्या म्हणजे घाण मागून कुठून तरी आलेली. आमच्या सगळ्या पहिल्याच. केबलची टोकं साफ केली, एरर तशाच. केबल बदलली, तशाच. मग कंट्रोलरवरच्या दोन पोर्टचे एसएफपी (केबल जिच्यात खोचतात ती प्रकाशाचे सिग्नल पाठवणारी डबी) अदलाबदल केले, आणि एरर त्या एसएफपीबरोबर दुसऱ्या पोर्टवर गेल्या. अजून काय पुरावा पाहिजे? तळहाताएवढासुद्धा नाही तो तुकडा, आणि अख्खा कारखाना वेठीला धरलाय.

तो पोर्ट स्विचवरून सरळ बंद केला. मल्टीपाथला कळलं, पाथ मेला. सगळा डेटा उरलेल्या पाथनं जायला लागला आणि ईआरपी त्याच क्षणी पळायला लागलं. हे सगळं स्क्रीनशॉटसकट सपोर्टला पाठवलं. उत्तर काय आलं? "आम्हाला न विचारता बदल केलात, त्यामुळे निदान पूर्ण करता येत नाही. नवीन लॉग पाठवा." आणि वर टिकेट ‘सोडवले’ म्हणून बंद!

संतापाची खरी गोष्ट पुढंच आहे. करारात लिहिलंय, पार्ट पुढच्या कामाच्या दिवशी मिळेल. पण तो दिवस मोजायला सुरुवात कधी? त्यांचं निदान पूर्ण झाल्यावर. आणि निदान ते पूर्ण होऊच देत नाहीत. वर्षाला एएमसीचे, म्हणजे देखभाल कराराचे, पैसे मोजून घेताना मात्र एक दिवस इकडचा तिकडं होत नाही. २०१९ ला आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं, पुण्याचा रस्ता बंद झाला, तेव्हा पार्ट आला नाही म्हणून आम्ही तोंडातून ब्र काढला नाही. आज हायवे ठणठणीत कोरडा आहे. पुण्याहून सकाळी निघालेली गाडी दुपारी कोल्हापुरात पोचते. मग अडतंय कुठं?

आणि या सगळ्यात आम्ही लंगड्या स्टोरेजवर कारखाना चालवतोय. कंट्रोलर बीकडं जाणारे पाथ अर्धे झालेत. त्यात कंट्रोलर एला काही झालं, तर महिनाअखेरचं सगळं बिलिंग उरलेल्या एका लिंकवर.

टिकेट मी परत उघडलंय, यावेळी त्यांच्या मॅनेजरला आणि आमच्या मालकांना दोघांनाही कॉपीत घेऊन. खराब एसएफपी काढून, पोर्टचा नंबर लिहून, पाकिटात सील करून ठेवलाय. नवा पार्ट हातात आणि दोष कशात होता ते लेखी दिल्याशिवाय तो कुणाला मिळणार नाही. आणि लॉग? एकही पाठवणार नाही. आधी पाठवलेले उघडून वाचा.