भाता कोणाच्या हातात

परवा घरच्या ग्रुपवर दादानं एक फोटो टाकला. बेळगावच्या खडेबाजारातल्या आमच्या दुकानासमोर शिडी, शिडीवर पेंटर आणि त्याच्या हातात ब्रश नव्हे, मोजपट्टी. बोर्ड साडेतीन फुटांचा. त्यातले साठ टक्के म्हणजे दोन फूट एक इंच दोन सूत. कर्नाटकात २०२४ पासून दुकानाच्या पाटीचा एवढा भाग कन्नडचा, असा कायदा झालाय. उरल्या जागेत मराठी आणि इंग्रजीनं आपापसात काय ते बघून घ्यायचं. दादानं खाली लिहिलं होतं, ‘मराठीला नऊ इंच गावले.’ मग जे व्हायचं ते झालं. एका चुलतभावानं १ नोव्हेंबरच्या काळ्या दिवसाचे जुने फोटो काढले, दुसऱ्यानं सीमावादावरचा महाजन आयोग उकरला, वहिनीनं ‘गिऱ्हाईक पाटी वाचून येतंय होय?’ असं विचारलं आणि शेवटी काकांनी माझं नाव घेतलं. ‘तू बेल्जममधी हाईस. तीन भाषांचा देश. तिथं कसं गुण्यागोविंदानं चाललंय ते लिही की एकदा.’

लिहिते. पण काका, तुम्हाला हवं तसं ते होणार नाही.

मेसेज आला तेव्हा माझ्या कानात संगीतकार शूबर्टची एफ मायनर फँटसी चालू होती. एकाच पियानोवर शेजारी शेजारी बसून दोघांनी वाजवायची, चार हातांनी. मरे पेराया आणि राडू लुपू या पियानोवादकांचं १९८४ सालचं रेकॉर्डिंग, इंग्लंडमध्ये स्नेप इथं केलेलं. पूर्वी जिथं बार्लीचा माल्ट करत, त्या इमारतीचं तिथं सभागृह झालंय. त्याच तबकडीवर मोझार्टचा दोन पियानोंचा डी मेजर सोनाटाही आहे. हेच रेकॉर्डिंग मी गेल्या दिवाळीत बेळगावला काकांना ऐकवलं होतं. काकांचे कान बैठकीतले. रामभाऊ विजापुरेंची पेटी त्यांनी समोर बसून ऐकलेली, मन्सूर आणि गंगूबाई म्हणजे घरचेच. डोळे मिटून त्यांनी पाचेक मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, ‘काय ऐकालीस गं हे? यातला कोण कुठला कळंना झालंय की.’

मोझार्टमध्ये कळतं, मी म्हटलं. दोन पियानो असले की एक या कानात, दुसरा त्या कानात. शूबर्टमध्ये वाद्य एकच, त्यामुळे मधल्या सप्तकात कोणाचं बोट कुठलं ते हेडफोन लावूनही सुटं होत नाही.

‘मग कोण वरचढ झाला ते समजायचं कसं?’

आपल्या कानाला ती सवय जुगलबंदीनं लावली. सवाल आला, जवाब आला, कोणी कोणाला पेचात पकडलं यावर माना डोलतात. त्यात वाईट काही नाही, मलाही ते आवडतं. पण काकांचा प्रश्न ऐकताना मला आमच्या शहापूरच्या घरातली पेटी आठवली.

माझे हात लहान होते तेव्हा भाता अक्का मारायची आणि पट्ट्या मी दाबायची. म्हणजे सूर माझे, वारा तिचा. मी भूपात नसलेला मध्यम चुकून लावला की अक्का काही बोलायची नाही. नुसता हात थांबवायची. सूर आधी पातळ व्हायचा, मग म्हशीसारखा हंबरून बंद पडायचा. मी पट्टी कितीही जोरात दाबली तरी उपयोग शून्य. अप्पांकडे तक्रार गेली की ते म्हणायचे, आलटून पालटून करा. मग मी भात्यावर बसायची आणि सूड म्हणून असे हिसके द्यायची की अक्काचा भूप बैलगाडीत बसल्यासारखा वाजायचा. (‘अक्का’ हा शब्द कन्नडचा. आमच्या घरातल्या अतिकडव्या मराठी माणसालाही तो कधी खटकलेला नाही.)

चार हातांच्या पियानोत हा भाता म्हणजे पायातलं पेडल. ते दाबलं की बोट उचललं तरी सूर रेंगाळत राहतो. वरच्या पट्ट्यांवर बसतो तो प्रिमो, खालच्यांवर सेकंडो. गाणं बहुतेक वेळा प्रिमोचं आणि पेडल मात्र सेकंडोच्या पायाखाली. फँटसीच्या सुरुवातीला खाली सेकंडोची मंद कुजबूज चाललेली असते आणि वर प्रिमोची ती अडखळत चढणारी ओळ येते. ओळ धूसर होणार की स्वच्छ राहणार हे ठरवतो तो, जो ती वाजवत नाहीये. त्याला शेजाऱ्याचा सूर पायानं ऐकावा लागतो. शिवाय कोपरं लागतात. एकाच पट्टीवर लागोपाठ दोघांची बोटं यायची असतात, तिथं पहिल्यानं कागदावर लिहिलंय त्याच्या अंमळ आधीच बोट उचलायचं, नाही तर दुसऱ्याचा सूर वाजतच नाही. पेराया-लुपूंच्या रेकॉर्डिंगमध्ये हे कुठं घडतं ते ऐकू येत नाही. मला त्याचंच जास्त अप्रूप. शूबर्टनं ही रचना १८२८ मध्ये केली, आपली शिष्या कारोलिन एस्टरहाझीला अर्पण केली आणि त्याच नोव्हेंबरात तो गेला, एकतिसाव्या वर्षी.

हे सगळं मी रेकॉर्डिंगवरून नाही शिकले, गुरुवारी संध्याकाळी शिकले. बेल्जियमच्या डच भाषक भागातल्या, म्हणजे फ्लेमिश भागातल्या लूव्हनला राहून मला अकरा वर्षं झाली. इथं मोठ्या माणसांसाठीही संध्याकाळच्या संगीतशाळा असतात. तिथं मला जोडीदारीण मिळाली ती एक निवृत्त शिक्षिका. फ्रेंच बोलणारी, पण ब्रुसेल्सच्या कडेच्या एका फ्लेमिश गावात राहणारी. माझं फ्रेंच कच्चं, तिचं इंग्रजी कच्चं, म्हणून आम्ही दोघी डचमध्ये बोलतो, जी दोघींचीही नाही. बेळगावात कन्नड आणि मराठी माणूस भांडताना मधेच हिंदीवर येतात, तसं.

एका गुरुवारी ती आली ती लालबुंद होऊन. पर्समधून नगरपालिकेचं पत्र काढलं आणि नोटेशनच्या स्टँडवर शूबर्टच्या जागी ठेवलं. पत्र डचमध्ये. तिच्या गावाला भाषेच्या ‘सवलती’ आहेत. बेल्जियममध्ये अशा सवलतींच्या सत्तावीस नगरपालिका आहेत. म्हणजे फ्रेंचमध्ये कागद मागायचा हक्क तिला आहे. पण १९९७ साली फ्लेमिश सरकारनं एक परिपत्रक काढलं: कागद आधी डचमध्येच जाणार आणि फ्रेंच हवा असेल तर दर वेळी नव्यानं मागायचा. एकदा मागितला म्हणून पुढच्या वेळी मिळेल असं नाही. ‘प्रत्येक वेळी,’ ती म्हणाली आणि पत्रावर बोट आपटलं.

परिपत्रक! मला हसू आवरेना, आणि ते तिला समजावून सांगायलाही येईना. ‘मराठीत परिपत्रकं द्या’ हा फलक मी लहानपणापासून पाहत आलेय. भाषिक अल्पसंख्याक पंधरा टक्क्यांवर असतील तिथं महत्त्वाचे कागद त्यांच्याही भाषेत मिळावेत हे आपल्याकडेही तत्त्व म्हणून कधीचंच मान्य आहे. तरी खानापूरकडचा मराठी शाळेत शिकलेला म्हातारा शेतकरी स्वतःच्या जमिनीचा कन्नडमधला उतारा वाचून घ्यायला दुसऱ्याच्या दारात जातो. तर काका, तीन भाषांचा देश असा आहे.

आणि अजून एक सांगते. लूव्हनच्या विद्यापीठात पूर्वी दोन्ही भाषांत शिकवत. १९६८ मध्ये ‘वॉलन लोकांनो (म्हणजे फ्रेंच बोलणाऱ्यांनो), बाहेर व्हा’ या घोषणांनी इथले रस्ते दणाणले, सरकार पडलं आणि विद्यापीठ दुभंगलं. फ्रेंच भागासाठी भाषेच्या सीमेपलीकडे शेतात एक नवं गावच वसवलं गेलं. मग ग्रंथालयाची वाटणी आली. दोन महायुद्धांत, १९१४ला आणि १९४०ला, दोनदा जळून पुन्हा उभं राहिलेलं ग्रंथालय. भांडण नको म्हणून पुस्तकं क्रमांकानं वाटली: विषम एकाला, सम दुसऱ्याला. भावाभावांच्या वाटणीत आमच्या आजोळी तांब्याची घंगाळं मोजली होती, ती तरी नगावर. इथं एखाद्या ग्रंथमालेतले काही खंड इकडे राहिले, काही तिकडे गेले.

चार हातांच्या नोटेशनचं पुस्तक उघडलं की डाव्या पानावर फक्त सेकंडो असतो आणि उजव्या पानावर फक्त प्रिमो. डावी पानं सम, उजवी विषम. त्या पुस्तकाची कोणी पानापानानं सम-विषम वाटणी केली, तर एकाकडे नुसती कुजबूज राहील आणि दुसऱ्याकडे आधार नसलेली ओळ. हिशेब मात्र अगदी चोख, पन्नास-पन्नास टक्के.

दोन पियानोंचा मार्ग यापेक्षा सोपा, हे कबूल करायला हवं. ज्याचं त्याचं वाद्य, ज्याचं त्याचं पेडल, कोपरं मोकळी. मोझार्टनं १७८१ मध्ये तो सोनाटा योझेफा आउअर्नहामरबरोबर वाजवायला लिहिला. तिच्या रूपाबद्दल बापाला लिहिलेल्या पत्रात त्यानं जे तोंड सोडलंय ते वाचवत नाही, पण कागदावर तिला काडीचंही कमी दिलेलं नाही. मार्था आर्गेरिच आणि नेल्सन फ्रेरे यांचं १९८२चं रेकॉर्डिंग ऐका. राखमानिनॉव्हच्या दुसऱ्या सुइटमध्ये दोघं एकमेकांना अशी पळवतात की काकासुद्धा मांडी ठोकतील. त्याच रेकॉर्डिंगवर लुटोस्लाव्हस्कीच्या पॅगानिनी व्हेरिएशन्स आहेत. जर्मनांच्या ताब्यातल्या वॉर्सात लुटोस्लाव्हस्की आणि पानुफनिक हे दोघे पोलिश संगीतकार कॅफेंमध्ये दोन पियानो वाजवून पोट भरत. त्यांनी दोन पियानोंसाठी केलेल्या दोनेकशे मांडण्या १९४४च्या उठावात गेल्या, ही तेवढी उरली.

पण दोन ग्रँड पियानोंना जागा लागते, पैसा लागतो. बेल्जियमला दोन विद्यापीठं परवडली. घरात असायचा तो एक. ग्रामोफोन यायच्या आधी युरोपात लोकांनी सिंफन्या ऐकल्या त्या बऱ्याचशा अशाच, घरच्या एका पियानोवर दोघांनी वाजवून. ब्राम्सनं आपल्या काही सिंफन्यांच्या तशा मांडण्या स्वतःच केल्या. बेळगाव हे असं एका वाद्याचं घर आहे. २००४ साली सर्वोच्च न्यायालयात गेलेला सीमावादाचा दावा उद्या कसाही लागला, तरी खडेबाजारात दुसरा पियानो येणार नाही. त्याच बाकावर बसायचंय, फार तर जागा बदलतील.

म्हणून नऊ इंच की अकरा, या हिशेबात मला रस वाटत नाही. पट्ट्या किती मिळाल्या ते पेंटरला मोजता येतं. भाता कोण मारतंय आणि कधी हात थांबवतंय, ते मोजपट्टीवर येत नाही. उतारा, रेशनचा अर्ज, शाळेतला मास्तर, दवाखान्यातली चिठ्ठी हा भाता. बेळगावात तो कर्नाटकाच्या हातात आहे, आणि त्या हातानं हिसके दिलेत हे मी इथं बसून नाकारणार नाही. जतला, अक्कलकोटला तो महाराष्ट्राच्या हातात आहे. तिथल्या कन्नड शाळेत मास्तर आहे की नाही हे आमच्या ग्रुपवर आजवर एकानंही विचारलेलं नाही, मीही नाही.

दादाला मी कळवलं की बोर्ड झाला की फोटो टाक, आणि मराठी अक्षराचं वळण तरी नीट काढून घे, गेल्या वेळी ‘ळ’ फार वाईट आला होता. काकांना एमिल गिलेल्स आणि त्यांची मुलगी एलेना यांनी वाजवलेली हीच फँटसी पाठवली. बाप-लेक, एका पियानोवर.

रात्री उत्तर आलं. ‘छान हाय. पण यातली मुलगी कुठली?’

अजून सांगितलेलं नाही.