फुल फ्लोटर फक्त ट्रकसाठी? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया रोखठोक आहे, म्हणून सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: फुल फ्लोटर (मागच्या अ‍ॅक्सलची अशी रचना, जिच्यात गाडीचं वजन हौसिंग पेलतं आणि शाफ्ट फक्त चाक फिरवतो) हे ट्रकचं काम. ड्रॅग रेसमध्ये पाव मैल साडेनऊ सेकंदांत काढणाऱ्या तुमच्या 1,400 किलोच्या फॉक्स-बॉडी पिढीच्या मस्टँगला फोर्डच्या नाइन-इंच हौसिंगमध्ये (मागच्या अ‍ॅक्सलच्या कवचात) 35 स्प्लाइनचे (टोकाला 35 दाते असलेले) सेमी फ्लोटर शाफ्ट, म्हणजे चाक फिरवणारे आणि वजनही पेलणारे शाफ्ट, पुरून उरतात, आणि मी वजन व खर्च नवख्यांच्या गळ्यात मारतोय.

ताकदीपुरतं तुमचं बरोबर आहे. इंजिन कितीही दांडगं असो, टायर पकडेल तेवढाच टॉर्क शाफ्टपर्यंत येतो. तुमच्या गाडीइतक्या वजनाची गाडी 28 इंची स्लिकवर (रेसच्या गुळगुळीत टायरवर) दीड जीने, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या दीडपट त्वरणाने सुटली, तर दोन्ही शाफ्ट मिळून साधारण 7,300 न्यूटन-मीटर होतात. चांगल्या मिश्रधातूचा दीड इंची शाफ्ट यातला अर्धा वाटा आरामात सोसतो. स्पूल (दोन्ही चाकं एकत्र जखडणारा, डिफरन्शियलच्या जागचा भाग) असताना एका चाकाची पकड सुटली की जवळजवळ सगळा भार एकट्या दुसऱ्या शाफ्टवर जातो, तेव्हा मात्र हिशोब ताणला जातो. सेमी फ्लोटरमध्ये वजनाने शाफ्ट वाकतो आणि फिरता फिरता थकतो, हेही खरं. पण पाव मैलात तुमचं चाक फिरतं जेमतेम 180 वेळा. ट्रेलरवरून आणून फक्त धावपट्टीवर चालवायच्या गाडीत त्या थकव्याचा बाऊ करायचं कारण नाही.

माझा मुद्दा वेगळा आहे: शाफ्ट तुटल्यावर चाक कशाच्या आधारावर राहतं?

तुम्हीच लिहिलंय की लहानपणी सोलापूर रस्त्यावर बंद पडलेल्या ट्रकला टोचन लावण्याआधी मेकॅनिकने चाक न काढता आख्खा शाफ्ट बाहेर ओढलेला तुम्ही पाहिलाय. मग सांगा, शाफ्ट बाहेर असताना तो भरलेला ट्रक उभा कशावर होता? हौसिंगच्या टोकाला असलेल्या स्पिंडलवर (न फिरणाऱ्या पोकळ नळीवर), हबच्या दोन बेअरिंगांवर. शाफ्टकडे फक्त फिरवण्याचं काम. सेमी फ्लोटरमध्ये चाक थेट शाफ्टच्या फ्लँजवर (टोकाच्या चकतीवर) बोल्ट केलेलं असतं. शाफ्ट आत स्प्लाइनपाशी तुटला, तर दाबून बसवलेलं बेअरिंग आणि रिटेनर प्लेट बाहेरचा तुकडा धरून ठेवतात. तोच बेअरिंग आणि फ्लँजच्या मधे तुटला, तर चाक निघून जातं आणि सोबत ब्रेकची डिस्कही.

नियमाचा दाखला तुम्ही दिलात तो योग्यच आहे. 10.99 सेकंद किंवा त्याहून लवकर पाव मैल काढणाऱ्या गाडीला, तसंच स्पूल लावलेल्या गाडीला, एनएचआरए ही अमेरिकेतली ड्रॅग रेसिंगची संस्था आफ्टरमार्केट (मूळ कंपनीबाहेरचे) शाफ्ट आणि ते अडकवून ठेवणारी सोय सक्तीची करते; तुमच्यासारख्या गाडीला फुल फ्लोटरची सक्ती नाही. पण नियम किमान काय हवं ते सांगतो. दोनशेच्या वर वेगात फिनिश लाइन ओलांडताना मला त्या किमानावर थांबावंसं वाटत नाही. शिवाय फ्लँज वाकला की डिस्क पॅडना मागे ढकलते आणि नेमका तिथंच पहिला पेडल खोल जातो. दोन बेअरिंगांवरच्या हबमध्ये डिस्क सरळ राहते.

वजन वाढतं, मान्य. पण कुठे, ते बघा. हबचं वजन मध्यापासून सातेक सेंटिमीटरवर फिरतं, टायरचं पस्तीसवर. फिरवायला लागणाऱ्या जोराच्या हिशोबात हबचा एक किलो टायरच्या किलोच्या पंचविसाव्या हिश्श्याइतका. उरलेलं शाफ्टमधून काढता येतं: मधून व्यासाच्या निम्मं भोक पाडलं, तर वजन चौथ्या हिश्श्याने घटतं आणि पीळ सोसायची ताकद जाते फक्त सहा टक्क्यांच्या आसपास, कारण पिळाचा भार बाहेरचा थरच उचलतो. फ्लोटर शाफ्टला वजन पेलायचं नसल्यामुळे हा सौदा निर्धास्त करता येतो.

उलट पैसे चुकीच्या जागी जातात ते 40 स्प्लाइनच्या, म्हणजे आणखी जाड शाफ्टच्या, हट्टापायी. आधी हौसिंग सरळ करा. स्पिंडल वेल्ड करताना नळी ओढली जाते, त्यामुळे अलाइनमेंट बार (दोन्ही टोकं एका रेषेत ठेवणारा दांडा) आत घालूनच ते काम झालं पाहिजे. तिरकं राहिलं, तर ड्राइव्ह प्लेट (शाफ्टला हबशी जोडणारी चकती) उघडल्यावर लगेच दिसतं: स्प्लाइनवर तांबूस भुकटी, आणि दातांची एकच बाजू चकाकलेली. असा शाफ्ट कितीही महागाच्या 300एम पोलादाचा असला तरी फेरीगणिक झिजतो. दातांना किंचित फुगीर घडण असलेले शाफ्ट थोडा तिरकेपणा खपवून घेतात, पण थोडाच. ड्राइव्ह प्लेट मी पोलादाचीच घेईन. सुटतानाच्या धक्क्याला अ‍ॅल्युमिनियमचे दात लवकर सैल होतात. बेअरिंगचा प्रीलोड (नट आवळून दिलेला दाब) उत्पादक सांगेल तसाच ठेवा, अंदाजाने नट आवळू नका.

आता तुमच्या गाडीचं. ती रोज रस्त्यावरही चालते असं तुम्ही शेवटी लिहिलंय, आणि तिथं किलोमीटरला साडेचारशे फेरे पडतात; वर मी थकवा सोडून दिला, तो तुमच्या बाबतीत सोडता येणार नाही. हौसिंगची टोकं तुम्हाला एवीतेवी कापायचीच आहेत. मग नवे सेमी फ्लोटर एंड जोडा किंवा स्पिंडल, कापणं, बार घालणं, वेल्डिंग सगळं तेवढंच. मी स्पिंडल जोडेन. ऑर्डर देण्याआधी तुमच्या रिमचं मधलं भोक तेवढं मोजा, कारण फ्लोटरचा हब त्यातून बाहेर येतो आणि बऱ्याच रिम्स तिथंच अडतात.